वॉरगेम घ्यायचाय, पण कोणता? खांदेरीच्या एका प्रसंगावर चार प्रकारांची तुलना

डिफेन्स स्टडीजचा वर्ग असो, एनसीसीचे छात्र असोत की युनिटमधले कनिष्ठ अधिकारी, एक दिवसाचा वॉरगेम, म्हणजे लढाईचा प्रसंग मांडून निर्णय घ्यायला लावणारा खेळ, घ्यायची जबाबदारी अंगावर पडली की पहिला प्रश्न ठरलेला: "सॉफ्टवेअर कुठलं वापरायचं?" तो प्रश्न शेवटी विचारा. आधी दोन गोष्टी ठरवा. खेळणाऱ्याला नेमका कोणता निर्णय घ्यायला लावायचा आहे आणि पंच म्हणून कोण बसणार आहे. मी वर्दीत असताना हे खेळ खेळलो आणि निवृत्तीनंतर मुंबईत मुलांसाठी ते बांधतो. माझं मत पक्कं आहे, ते पुढे येईलच.

तुलना हवेत नको म्हणून एकच प्रसंग घेऊ, तोही मुंबईच्या दारातला. खांदेरी, १६७९. थळच्या किनाऱ्यासमोरच्या या बेटावर शिवाजी महाराजांच्या हुकमाने मायनाक भंडारीच्या माणसांनी तटबंदी बांधायला घेतली आणि मुंबईच्या इंग्रजांच्या पोटात गोळा आला. बंदराच्या वाटेवरच मराठ्यांचा पहारा बसणार होता. सप्टेंबरात इंग्रजांनी गलबतं पाठवून नाकेबंदी सुरू केली. १८ ऑक्टोबरला पहाटे मराठ्यांच्या दौलतखानाचं आरमार चालून आलं, त्याने 'डव्ह' हे इंग्रज गलबत पकडलं. बरीचशी इंग्रज गलबतं मागे हटली, 'रिव्हेंज' मात्र तोफा डागत टिकून राहिलं आणि मराठा आरमार मागे परतलं. पण नाकेबंदी फसलीच, कारण रात्री छोट्या होड्यांतून बेटावर रसद पोचतच होती. जानेवारी १६८० मध्ये सिद्दी शेजारच्या उंदेरीवर येऊन बसला, आणि पुढे इंग्रजांनी खांदेरीचा नाद सोडला. तीन पक्ष, एक बेट, वारा, भरती-ओहोटी आणि सुरतेत बसून हात आखडता घेणारे इंग्रजांचे वरिष्ठ. शिकवणाऱ्याला आणखी काय हवं?

पंचाचा खेळ

दोन खोल्या, दोन नकाशे आणि खरा नकाशा फक्त पंचाकडे. हा प्रकार प्रशियातला. १८२४ मध्ये फॉन राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने त्याचे नियम छापले. नकाशा १:८०००, एक चाल म्हणजे दोन मिनिटांचा काळ, नुकसान फाशांवर आणि कोष्टकांवर. कोष्टकं बघण्यातच दिवस जायला लागला, तेव्हा १८७६ मध्ये फेर्डी द्यु व्हेर्न्वा यांनी ती बाजूला ठेवली आणि निकाल अनुभवी पंचावर सोपवला. आज आपण जो खेळ घेतो तो या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असतो.

खांदेरी इथे कशी दिसते ते बघा. रात्रीची चाल आहे. मराठ्यांच्या खोलीतून चिठ्ठी येते: 'चार होड्या, तांदूळ आणि पाण्याची पिंपं, चंद्र मावळल्यावर थळहून.' पंच भरतीचं कोष्टक बघतो, मतलई वारा सुटलाय का ते पाहतो, फासा टाकतो. मग इंग्रजांच्या खोलीत जाऊन एवढंच सांगतो: "किनाऱ्याच्या बाजूने वल्ह्यांचा आवाज आला असं एक खलाशी म्हणतोय." बस्स. नांगर उचलायचा की नाही? उचलला तर अंधारात खडकांची भीती. नाही उचलला तर सकाळी सुरतेला काय लिहायचं? वीस वर्षांच्या मुलाच्या कपाळावर इथे घाम येतो. अपुऱ्या माहितीवर, घड्याळ चालू असताना निर्णय घेणं शिकवायचं असेल, तर या प्रकाराला तोड नाही.

दुसऱ्या महायुद्धात लिव्हरपूलला रॉयल नेव्हीने हेच जमिनीवर मांडलं होतं. १९४२ मध्ये गिल्बर्ट रॉबर्ट्स आणि त्यांच्या हाताखालच्या नौदलातल्या तरुण मुलींनी लिनोलियमवर ताफे आखले. खेळणारे कप्तान पडद्याच्या फटीतून बघायचे आणि पाणबुडीचा माग अशा रंगाच्या खडूने काढायचा की फटीतून तो दिसूच नये. अटलांटिकच्या लढाईतले हजारो अधिकारी त्या खोलीतून गेले. साहित्याचा खर्च म्हणाल तर खडू आणि पडदे.

अडचण एकच, पण मोठी: सगळा डोलारा पंचावर. आपल्याकडे डीएसच्या (डायरेक्टिंग स्टाफ, म्हणजे खेळ घेणाऱ्या प्रशिक्षकाच्या) खिशात 'पिंक' असतो, म्हणजे गुलाबी कागदावरचं अधिकृत उत्तर. तो खिशातून डोक्यात गेला की खेळ संपला. मुलं शत्रूशी नाही, पंचाच्या मनातल्या उत्तराशी खेळायला लागतात. आणि पंचावरही कोणी बसलेला असू शकतो. पॅसिफिकमधल्या मिडवेच्या लढाईआधी, १९४२ मध्ये, जपानी नौदलाच्या वॉरगेममध्ये पंचाने जपानी विमानवाहू जहाजांवर नऊ बॉम्ब लागल्याचा निकाल दिला आणि आरमाराचे चीफ ऑफ स्टाफ उगाकी यांनी तो तीनवर आणला, असं युद्धानंतरच्या जपानी आठवणींत येतं. पुढे मिडवेला जपानची चार विमानवाहू जहाजं खरोखर बुडाली. शिवाय एका पंचाला सात-आठ खेळाडूंपेक्षा जास्त झेपत नाहीत.

पट आणि सोंगट्या

षटकोनी घरांचा नकाशा, पुठ्ठ्याच्या सोंगट्या, छापील नियम. साठ मुलांचा वर्ग असेल तर दुसरा पर्याय जवळपास नाहीच, कारण दहा-बारा पट एकाच वेळी मांडता येतात आणि प्रत्येक पटाला तज्ज्ञ लागत नाही. अब्दुल रेहमान स्ट्रीटवरून फोम बोर्ड आणला, नकाशा छापून चिकटवला की काम झालं.

पटाचा खरा गुण म्हणजे नियम सगळ्यांसमोर असतात. 'वारा पडला तर शिडाचं गलबत एकच घर, वल्ह्याचं तीन घरं' हा नियम वाचून कोकणातला एखादा मुलगा उठून म्हणतो, "सर, दुपारचा खारा वारा कुठे धरलाय?" तिथेच अर्धं शिक्षण झालं. बेटाभोवतीची सगळी घरं अडवायला किती गलबतं लागतील, हा हिशोबही इथे हाताने करता येतो, आणि इंग्रजांकडे तेवढी गलबतं नव्हती हे पाचव्या चालीला आपोआप कळतं.

मात्र सगळं सगळ्यांना दिसतं, म्हणून खांदेरीची रात्र नाहीशी होते. सोंगट्या पालथ्या ठेवल्या, त्यात काही कोऱ्या मिसळल्या तर थोडी भरपाई होते, पण थोडीच. आणि वर्गातला हुशार मुलगा दौलतखान व्हायचं सोडून नियमातली पळवाट शोधतो. पहिला तास नियम वाचण्यात जाईल तो वेगळाच.

मॅट्रिक्स गेम

१९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ख्रिस एंगल यांनी ही पद्धत मांडली. खेळाडू सांगतो: मी हे करतो, त्यातून हे होईल, आणि ही त्याची कारणं. बाकीचे विरोधातली कारणं देतात. पंच दोन्ही बाजू तोलून दोन फासे टाकायला लावतो. नियम एका पानावर मावतात.

खांदेरीचा जो भाग पटावर येतच नाही तो इथे खुलतो. सुरतेच्या वरिष्ठांना लढाई लांबवायची नव्हती, सिद्दीचा हेतू इंग्रजांच्या हिताचा असेलच असं नव्हतं, आणि मराठ्यांना एकाच वेळी दोघांना झुलवत ठेवायचं होतं. मुलांना सुरत, मुंबई, सिद्दी, थळचे कोळी अशा भूमिका वाटून द्या आणि गंमत बघा.

पण मुंबईच्या कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा गाजवलेला एक तरी असतोच. तो बोलून जिंकतो. तोफेचा पल्ला किती, होडीत तांदूळ किती मावतात, यावर त्याला कोणी अडवत नाही. म्हणून भूमिकेबरोबर प्रत्येकाला ठोस आकड्यांचा एक कागद द्यावा आणि त्याबाहेरचं कारण पंचाने मान्य करू नये.

संगणक

याबद्दल फार लिहायची गरज नाही. मोठ्या मुख्यालयाला, जिथे इंधन, दारूगोळा आणि शेकडो तुकड्यांच्या हालचालींचा हिशोब ठेवायचा असतो, तिथे संगणकाशिवाय भागत नाही. लष्कराचं वॉरगेमिंग डेव्हलपमेंट सेंटर दिल्लीत त्यासाठीच आहे. पण मोठं यंत्र म्हणजे प्रामाणिक खेळ नव्हे. २००२ च्या अमेरिकी 'मिलेनियम चॅलेंज'मध्ये शत्रूच्या बाजूने खेळणाऱ्या निवृत्त जनरल व्हॅन रायपर यांनी मोटारसायकलस्वारांकरवी निरोप धाडत आणि छोट्या बोटी वापरत सोळा जहाजं बुडवली. मग ती जहाजं पुन्हा तरंगवून खेळ पुढे सुरू झाला. सुमारे २५ कोटी डॉलरचा खेळ होता तो. आणि वर्गात प्रश्न वेगळाच असतो: 'डव्ह' का गेलं असं मुलाने विचारलं तर पडद्याकडे बोट दाखवण्यापलीकडे तुम्ही काय सांगणार?

बांधायचा कोणी?

मुंबईत हे काम आता आपल्यावरच आलंय. नौदलाचं कॉलेज ऑफ नेव्हल वॉरफेअर १९८८ मध्ये करंजाला सुरू झालं, २०१० मध्ये नेव्हल वॉर कॉलेज झालं आणि पुढच्याच वर्षी गोव्याला गेलं. उरले आपण: निवृत्त फौजी, प्राध्यापक आणि बोर्ड गेमची आवड असलेली आयटीतली पोरं.

फौजी माणसाला माहीत असतं की हुकूम उशिरा पोचतो, थकलेली पलटण नकाशावरच्या वेगाने चालत नाही आणि वायरलेस नेमका नको तेव्हा बंद पडतो. पण त्याला खेळातून एकही तपशील गाळवत नाही, आणि आमच्या शिकवणुकीविरुद्ध जाणारी चाल त्याच्या नियमांत हरतेच. खेळवेड्या मुलाला गाळणं जमतं, पण त्याच्या गलबतांना पाणी भरायला किनारा लागत नाही. दोघांना एका टेबलाशी बसवा. एकटाच मिळत असेल तर मी खेळवेडा घेईन आणि पहिल्या चाचणीला फौजी बोलावीन, उलट नाही.

तर निवड अशी करा. दहाच्या आत मुलं आणि पंच भरवशाचा असेल तर डोळे मिटून पंचाचा खेळ. मोठा वर्ग असेल तर पट, पण निदान एका चालीत पडदा लावून. विषय राजकारणाचा असेल तर मॅट्रिक्स, आकड्यांच्या कागदासकट. पंच नवखा असेल तर त्याला आधी पटावर बसवा, नियम हाताशी असले की तो कमी घाबरतो. सकाळी नऊला सुरू केलं असेल तर दीडला खेळ थांबवा, रंगात आला असला तरी. जेवणानंतर दोन्ही खोल्यांचे नकाशे शेजारी-शेजारी टांगा आणि कोण जिंकलं ते सांगायच्या आधी इंग्रजांच्या बाजूने खेळलेल्याला विचारा की वल्ह्यांचा आवाज ऐकल्यावर त्याच्या मनात काय आलं होतं.