सागवानी दारांना पीयू पॉलिश : पावसाळा काढल्यानंतर

आमच्या ओट्याखालच्या कपाटांची दारं जुनी. चौकट सागवानी, मधे व्हीनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, लावलेला प्लाय. मुठींभोवतीचं पॉलिश पार उडालं होतं आणि लाकूड काळवंडलं होतं. पॉलिशवाला म्हणाला, मेलामाइन पॉलिश मारून घ्या. चकाकी त्याला छान येते, यात वाद नाही. पण हार्डनर मिसळून मारायचं ते, वास डोळ्यांना झोंबतो, आणि स्वयंपाकघर किती दिवस बंद ठेवणार? म्हणून एकाच डब्यात तयार मिळणारं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश आणलं, सॅटिनचं, म्हणजे मंद चकाकीचं. उन्हाळ्यातच काम उरकलं. आता फराळाचे डबे निघालेत.

खरी मेहनत पॉलिशची नाहीच, तेलकटपणा काढायची आहे. फोडणीची वाफ बसून बसून दारांवर चिकट थर जमतो. तो तसाच ठेवून पॉलिश पेपर फिरवला की तेल लाकडाच्या रेषांत शिरतं, मग वरचा हात तिथे धरत नाही, बारीक खड्डे पडतात. आधी कोमट पाणी आणि भांड्यांचं लिक्विड, सुकल्यावर टर्पेंटाइनचा फडका, तोही पिवळा यायचा थांबेपर्यंत. त्यानंतर १८० नंबरचा पेपर, रेषेच्या दिशेने. व्हीनियरवर जोर केलात तर खालचा प्लाय उघडा पडतो आणि मग इलाज नाही. पहिला हात पातळ करून, पुढचे दोन तसेच. प्रत्येक हात रात्रभर सुकवून मधे ३२० नंबरचा बारीक पेपर नुसता फिरवायचा.

हळदीचे हात लागले तरी ओल्या फडक्याने निघतात. रंग जरा पिवळसर झालाय, सागावर तो शोभतो. पांढऱ्या लाकडाला मी हे लावणार नाही.

सिंकखालच्या दाराची मला धास्ती होती. ते बिजागरीवरून उतरवून खालची कडही पॉलिशने बंद केली होती, म्हणून पावसाळ्यात फुगलं नाही. शेजाऱ्यांनी दारं न उतरवता पॉलिश करून घेतलं. त्यांचं ऑगस्टमध्येच चौकटीला घासायला लागलं. ती कड दिसत नाही म्हणून बहुतेक जण कोरीच सोडतात.

मावशींनी एका दारावर तारेची घासणी फिरवली, तेवढा भाग पांढुरका झाला. ३२० फिरवून एक हात मारला, दुसऱ्या दिवशी दार पुन्हा वापरात. बाजूने पाहिलं तर ठिगळ कळतं, समोरून नाही. फक्त उघडलेल्या डब्यात उरलेल्या पॉलिशवर साय धरते, तेव्हा मोठा डबा घेऊ नका. आणि सनमायकाच्या दारांवर यातलं काहीच चालत नाही.