पहिलं कोरल, आठ महिने झाले: चेहरा नाही, बूड बघून घ्या

नवतप्याच्या, म्हणजे मे अखेरच्या नऊ तापलेल्या दिवसांच्या, दुसऱ्याच दिवशी माझ्या कोरलच्या खाऱ्या पाण्याच्या टँकचा चिलर, म्हणजे पाणी थंड ठेवायचं मशीन, बंद पडला. बाहेर नागपूरचं 45 अंश, हॉलमध्ये कूलर फुल सुरू तरी गरम, आणि टँकचा थर्मामीटर दुपारी चारला 30.8 दाखवून राहिला होता. सर्व्हिसवाल्याला फोन केला तर उद्या येतो म्हणे. तो उद्या नवव्या दिवशी उगवला, तेही मी तीनदा भांडल्यावर, आणि आल्यावर गॅस भरायचे पैसे वॉरंटीत धरत नाही म्हणून वेगळे मागायला लागला. पण त्या नऊ दिवसांत माझं एकही कोरल मेलं नाही. म्हणूनच हे लिहायला बसलो, कारण ऑक्टोबरमध्ये हाच टँक असता ना तर एक दिवस टिकला नसता.

टँक दोन बाय दीड बाय दीड फूट, पाणी धरा 110 लिटर. सायकल (नव्या टँकमध्ये आधी चांगले जिवाणू वाढू देणं), रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र), 35 पीपीटी (समुद्राएवढा खारटपणा) हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. एकच सांगतो, किचनच्या आरओचं पाणी वापरू नका. त्यात चवीसाठी मिनरलची काडतूस असते किंवा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) सेट करून थोडं नळाचं पाणी मिसळलेलं असतं, म्हणून मीटर शून्य कधीच दाखवत नाही. मी पुढे डीआयचं, म्हणजे उरलेले क्षारही काढून टाकणारं, रेझिन जोडून घेतलं तेव्हा कुठे काचेवरचं तपकिरी शेवाळ थांबलं.

आता मुद्द्यावर येतो. पहिलं कोरल मी दिवाळीच्या आधी दुकानातून घेतलं, झोआ, म्हणजे बटणाएवढ्या फुलांसारखं दिसणारं मऊ कोरल, नऊ पॉलिप (एकेक फूल म्हणजे एक पॉलिप), 1800 रुपये. दुकानात निळ्या लाइटखाली ते असं हिरवं पेटलेलं दिसत होतं की मी दुसरं काही बघितलंच नाही. पाच दिवस छान उघडलं, सहाव्या दिवसापासून मिटायला लागलं. मी पाणी तपासलं, लाइट कमी केला, पाण्याचा फ्लो बदलला, जागा दोनदा बदलली. दुकानदाराला फोन केला तर "भाऊ, तुमचे पॅरामीटर गडबडले असतील, आमच्याकडे तर मस्त होतं." नायट्रेट 8, अल्कलिनिटी 8.5, सॅलिनिटी (खारटपणा) 35, सगळं ठीक, त्याला मी आकडे वाचून दाखवले, तो ऐकायलाच तयार नाही.

बाराव्या दिवशी ग्लोव्हज घालून प्लग, म्हणजे कोरल ज्यावर चिकटवलेलं असतं ती छोटी चकती, बाहेर काढला आणि उलटा केला. देठांच्या बुडाशी, अगदी प्लगला चिकटून, पांढुरक्या जेलीचं एक छोटं वेटोळं होतं, आणि त्याच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढा एक गोगलगायीसारखा जीव, रंग हुबेहूब माझ्या झोआचाच. झोआ खाणारा न्युडिब्रँक, म्हणजे बिनशंखाची समुद्री गोगलगाय. जे खातो त्याचाच रंग घेतो म्हणून वरून बघून तुम्हाला तो आयुष्यात दिसणार नाही. वेटोळं म्हणजे त्याची अंडी. हे माझ्या पाण्यात तयार झालेलं नव्हतं, टँकमध्ये तोपर्यंत दुसरं कोरलच नव्हतं, ते दुकानातून प्लगसोबत आलेलं होतं. फोटो पाठवला, पैसे परत नाही, बदलून नाही, मेसेज वाचून उत्तरही नाही. 1800 रुपयांपेक्षा ते उत्तर न देणं मला जास्त लागलं.

माझी आई वांगं घेताना चकाकीला भुलत नाही. एकेक उचलते, फिरवते, देठाची टोपी सारून किडीचं भोक आहे का बघते. चाळीस रुपये किलोच्या वांग्याला आपण हे करतो आणि 1800 च्या कोरलला दुकानदार म्हणतो हात लावू नका, म्हणून लांबून बघून घेऊन येतो. माझं ठाम मत झालंय, प्लग उलटा करून दाखवत नसेल तर ते कोरल घ्यायचंच नाही, फुकट दिलं तरी. आणि निळा लाइट बंद करून पांढरा लावायला सांगा. निळ्यात सगळंच चमकतं, अर्धं पांढरं पडलेलं कोरलसुद्धा सुंदर दिसतं.

उपचार थोडक्यात. आयोडीनच्या पाण्यात डिप, म्हणजे थोडा वेळ बुडवून ठेवणं, मऊ टूथब्रशने घासणं, प्लग बदलणं. डिपने किडा मरतो, अंडी मरत नाहीत, म्हणून दर पाच-सहा दिवसांनी परत, असं मी पाच वेळा केलं. झोआ हाताळताना ग्लोव्हज आणि चष्मा हवाच, त्यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं जबरदस्त विष असू शकतं, आणि झोआ असलेला दगड गरम पाण्यात टाकणं, उकळणं तर अजिबात नाही, वाफेतून लोक दवाखान्यात पोचलेत. नऊचे तीन पॉलिप उरले. आज बावीस आहेत, आत्ताच मोजले.

दुसरं कोरल टोडस्टूल लेदर, छत्रीसारखं मऊ कोरल, 700 रुपये, गावातल्याच एका हौशी माणसाकडून. त्याने आपलं मोठं लेदर कापून तुकडे केले होते, पण लगेच दिलं नाही, म्हणाला तीन आठवडे थांब, कापलेली कड भरून येऊ दे. मी हे वाक्य सोन्याच्या भावाचं मानतो. ताजं कापून त्याच दिवशी विकलेलं कोरल म्हणजे टाके न भरलेला पेशंट बसमध्ये बसवणं.

इथे माझं मत बदललं ते प्रामाणिकपणे सांगतो. फेब्रुवारीत हे लेदर मिटलं. एक दिवस, दोन दिवस, सहा दिवस, वर मेणासारखा थर, रंग मळकट. मी तेव्हा दोन-तीन जणांना सांगून टाकलं की पहिलं कोरल म्हणून लेदर घेऊ नका, भरवशाचं नाही. सातव्या दिवशी सकाळी पंप त्याच्याकडे वळवला तर तो थर कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटून वाहून गेला आणि संध्याकाळपर्यंत सगळे पॉलिप बाहेर, आधीपेक्षा लांब. लेदर अशी कात टाकतंच, वरचं शेवाळ-घाण त्यासोबत निघून जाते. मेलेलं कोरल वितळतं आणि सडका वास मारतं, हे मिटलं होतं पण घट्ट होतं. तेव्हा माझे ते शब्द मागे. आता मी लेदरच आधी सांगतो.

दुकानात कोणी हॅमर-टॉर्च ही दगडी कोरल दाखवून स्वस्तात देतो म्हटलं तर सरळ नाही म्हणा. दगडी कोरल 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अनुसूची 1 मध्ये आहेत, वाघाच्या पंगतीत. जंगलातल्या वाघासाठी जीव टाकणाऱ्या आपल्या नागपूरकरांना हे वेगळं समजवायला नको.

आता नवतपा. चिलर बंद, तर मी दोन छोटे फॅन पाण्यावर तिरके लावले आणि 30.8 चं दुसऱ्या दिवशी 27.9 झालं. मे मधली आपली हवा इतकी कोरडी की पाणी भराभर उडतं आणि उडताना गरमी घेऊन जातं, कूलरचं तेच तंत्र. फक्त रोज चार लिटर पाणी उडालं. मीठ उडत नाही, त्यामुळे एक दिवस साधं डीआय पाणी घालायचं चुकलं की 35 चं 36 च्या वर जातं, मी सकाळ-संध्याकाळ दोन-दोन लिटर घालत राहिलो. बायको ऑफिसमधून फोन करून विचारायची, पाणी टाकलं का. लेदर दोन दिवस झुकलं, झोआ दुपारी मिटायचे, रात्री उघडायचे, बस. पण हे जुलैत चालेल असं समजू नका, उमस सुरू झाली की कूलरसारखेच फॅनही फेल, म्हणून चिलरचे पैसे शेवटी भरलेच, 2600, आणि तक्रार लेखी देऊन ठेवली आहे.

तिसरं कोरल, मशरूम जातीचं, घेऊन राहिलो, त्याच हौशी माणसाकडून, 500 ला. काल त्याने न मागता प्लग उलटा करून फोटो पाठवला. बुडाशी एक बारीक पांढरं वेटोळं. माझ्या पोटात गोळाच आला. लगेच फोन केला, म्हटलं दादा, ग्लोव्हज घालून नखाने खरवडून बघा, मऊ लागतं का कडक. जेलीसारखं निघालं तर अंडी, चुन्याच्या कणासारखं खरखरीत लागलं तर स्पायरॉर्बिड, साधा नळीतला किडा, कोरलला काही करत नाही. दोन मिनिटं फोन होल्डवर होता. मग म्हणाला, कडक आहे रे, नखाला खरखर लागून राहिलं. रविवारी आणायला जातो.