पाण्याचा हिशेब कोणासोबत मांडायचा?

दुष्काळी तालुक्यात हवामान बदलाशी जुळवून घेण्यावर संशोधन करायचं ठरलं, की पहिला पेच भागीदाराचा. तुमच्यापुढे निदान तीन वाटा आहेत.

तेव्हाच्या अखंड आंध्रातल्या ‘एपीएफएएमजीएस’ या, शेतकऱ्यांनीच भूजल सांभाळायच्या प्रकल्पात 7 दुष्काळप्रवण जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनीच पर्जन्यमापक सांभाळले, दर पंधरवड्याला बोअरची पातळी मोजली आणि पावसाळा सरल्यावर एकत्र बसून रब्बीचा पाणी ताळेबंद, म्हणजे पाणी आहे किती आणि पिकांना लागणार किती, तो मांडला. पीक बदलायची सक्ती नव्हती. तूट दिसली की काय पेरायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. आकडा आपल्याच दोरीनं मोजलेला असला की त्यावर भांडणसुद्धा मुद्द्याला धरून होतं! खोट एकच, पण मोठी: बाहेरचा निधी आटल्यावर बऱ्याच ठिकाणी मोजणी मंदावली.

आपल्याकडचा पोकरा, म्हणजे महाराष्ट्राचा हवामान-अनुकूल शेतीचा प्रकल्प, 2018 पासूनचा. जागतिक बँकेचं कर्ज, राज्याची यंत्रणा आणि आयआयटी मुंबईनं बसवलेलं पाण्याच्या ताळेबंदाचं गणित. पाऊस, माती, उतार आणि पीक घातलं की पाणी किती वाहून जातं, किती मुरतं आणि पिकाला किती कमी पडतं, ते कळतं. पाच हजारांवर गावं विहिरी मोजत फिरून उरकली नसती. पण आपल्या काळ्या कातळात एक विहीर तुडुंब आणि बांधापलीकडची कोरडी. त्या कोरड्या विहिरीवाल्यानं गावाची सरासरी घेऊन करायचं काय? शिवाय जिथे शेततळ्याचं अनुदान, तिथे चर्चा पाण्यावरून यादीत नाव कोणाचं यावर घसरायला वेळ लागत नाही.

‘असार’ हा कोरडवाहू प्रदेशांनी हवामान बदलाशी कसं जुळवून घ्यावं यावरचा, केप टाऊन विद्यापीठाच्या पुढाकारातला, ब्रिटन-कॅनडाच्या पैशावर चाललेला आफ्रिका-भारताचा संशोधन संघ होता. त्यात पाणलोटाचं काम करणाऱ्या पुण्याच्या ‘वॉटर’ (WOTR) संस्थेनं जालन्यात शेतकरी, अधिकारी, संस्था यांना एकत्र बसवून 2030 सालच्या पाण्याची संभाव्य चित्रं रंगवून घेतली. एरवी एकमेकांशी न बोलणारी माणसं बोलती करायची असतील तर ही वाट चांगली. यंदा गहू की हरभरा, हे मात्र ती सांगत नाही.

तुमचा प्रश्न हाच असेल, तर मी आंध्राची पद्धत घेईन आणि पोकराचा आकडा पडताळ्याला शेजारी ठेवीन. फक्त विहिरी मोजणाऱ्या पोराचं चौथ्या वर्षीचं मानधन कोण देणार, हे पहिल्याच ग्रामसभेत लिहून घ्या.