जुन्या शैक्षणिक सीडी, विंडोज ११ आणि व्हर्च्युअलबॉक्स : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या माध्यमिक शाळेच्या संगणक कक्षात जूनमध्ये विंडोज ११ असलेले दहा नवे संगणक आले आणि पहिल्याच आठवड्यात कपाटातल्या जवळजवळ सगळ्या शैक्षणिक सीडी निकामी झाल्या. जुन्या संगणकांवर विंडोज १० ची ३२ बिट आवृत्ती होती आणि तिच्यात १६ बिट, म्हणजे आणखी जुन्या पिढीचे, प्रोग्राम चालवण्याची सोय शिल्लक होती. ६४ बिट विंडोजमध्ये ती सोय नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच मिळते. त्यातही गंमत अशी की, १९९० च्या दशकातील अनेक सीडींमधला मूळ प्रोग्राम ३२ बिट असतो, पण तो संगणकावर बसवून देणारा सेटअप मात्र १६ बिट असतो. त्यामुळे प्रोग्राम चालण्याजोगा असूनही दारातच अडतो.

यावर उपाय म्हणून मी व्हर्च्युअलबॉक्स वापरायला घेतले. या सॉफ्टवेअरमुळे संगणकाच्या आत दुसरा, कल्पित संगणक उभा राहतो आणि त्यावर विंडोज एक्सपी किंवा विंडोज ९८ बसवता येते. व्हर्च्युअलबॉक्सचा मूळ प्रोग्राम मोफत आहे. एक्सपी मात्र मोफत नाही, आणि जुन्या संगणकांबरोबर आलेला परवाना त्या त्या संगणकापुरताच असतो. शाळेकडे स्वतंत्रपणे विकत घेतलेली एक्सपीची दोनच पाकिटे होती, म्हणून दोनच संगणकांवर ही व्यवस्था केली आणि त्यांपैकी एक प्रोजेक्टरला जोडला.

माझी कसोटी साधी होती. आमची तासिका ३५ मिनिटांची असते. हजेरी, बसण्याची व्यवस्था आणि प्रोजेक्टर यांत सहा-सात मिनिटे जातात. त्यानंतर एक्सपी सुरू होण्याची, मग सीडी चढण्याची वाट पाहावी लागणार असेल, तर फळा आणि खडू बरे. या कसोटीवर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे हा कल्पित संगणक, उतरले ते 'सेव्ह स्टेट' या एका सोयीमुळे. सकाळी शाळा भरण्याआधी मी एक्सपी सुरू करतो, हवा तो पाठ उघडतो आणि ते मशीन त्याच स्थितीत गोठवून ठेवतो. तासाला पुन्हा उघडले की आठ-दहा सेकंदांत तोच पाठ त्याच पानावर समोर येतो. खऱ्या जुन्या संगणकावर हे सुख कधीच नव्हते.

एक्सपीला ५१२ एमबी मेमरी आणि दहा जीबीची डिस्क दिली. त्याहून जास्त लागले नाही. गेस्ट ॲडिशन्स हे व्हर्च्युअलबॉक्सचे पूरक सॉफ्टवेअर एक्सपीत बसवल्यावर माउस आतबाहेर सहज फिरतो आणि दोन्हीकडून दिसणारा सामायिक फोल्डर मिळतो. नेटवर्क मी बंदच ठेवले आहे, कारण ८ एप्रिल २०१४ नंतर एक्सपीचा आधार थांबला आणि असे मशीन इंटरनेटवर मोकळे सोडणे शहाणपणाचे नाही. बहुतेक जुने पाठ ६४० बाय ४८० आकारासाठी आणि २५६ रंगांसाठी बनवलेले आहेत. एक्सपीमध्ये त्या प्रोग्रामच्या 'कंपॅटिबिलिटी' पानावर दोन्ही खुणा केल्या की चित्रांचे रंग ठिकाणावर येतात. मुले उजवीकडची कंट्रोल कळ दाबून खेळता खेळता व्हर्च्युअल मशीनच्या बाहेर पडत असत, म्हणून ती 'होस्ट' कळ मी बदलून टाकली.

विंडोज ११ वर व्हर्च्युअलबॉक्स वापरणाऱ्यांनी खिडकीच्या खालच्या पट्टीकडे लक्ष ठेवावे. तिथे हिरवे कासव दिसले, तर विंडोजने प्रोसेसरची आभासीकरणाची सोय स्वतःकडे घेतली आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला तिच्यामार्फत काम करावे लागत आहे, असा अर्थ होतो. 'मेमरी इंटिग्रिटी' ही सुरक्षा चालू असली की बहुधा असे होते. कासव असताना आमच्याकडे आवाज तुटक येत होता. ती सुरक्षा काढायची की तुटक आवाज सोसायचा, हा निर्णय ज्याने त्याने घ्यावा. प्रोजेक्टरचा संगणक इतर कशालाही वापरत नसल्याने मी तिथे ती बंद केली आणि दुसऱ्यावर चालू ठेवली.

खरा वेळ गेला तो सीडींमध्ये. नव्या संगणकांना सीडी ड्राइव्हच नव्हता, म्हणून बाहेरून जोडायचा एक ड्राइव्ह घेऊन प्रत्येक सीडीची आयएसओ फाइल, म्हणजे सीडीची एका फाइलमधली प्रत, तयार केली. कोकणातील पावसाळे काढलेल्या सीडींवर बुरशीची जाळी धरलेली असते. सौम्य साबणाचे पाणी आणि मऊ कापड घेऊन, मधून कडेकडे सरळ पुसले, तर बऱ्याच वाचतात. गोल फिरवून पुसू नये. कवितांच्या एका सीडीने मला तीन दिवस छळले. चित्रे हलत होती, पण गाणी मुकी होती. शेवटी उलगडा झाला की त्या सीडीवर पहिला ट्रॅक माहितीचा होता आणि बाकीचे ट्रॅक साध्या ऑडिओ सीडीसारखे होते. आयएसओमध्ये फक्त माहितीचा ट्रॅक येतो. तिची बिन आणि क्यू या, सगळे ट्रॅक सामावणाऱ्या प्रकारात प्रत काढली आणि एक्सपीच्या आत कल्पित सीडी ड्राइव्हचे एक जुने सॉफ्टवेअर बसवून त्यात ती चढवली, तेव्हा गाणी वाजली.

मराठी पाठांच्या बाबतीत एक्सपीचा वेगळाच फायदा झाला. ते पाठ युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या आजच्या सामायिक संकेतपद्धतीच्या, आधीचे. त्यांतले प्रत्येक मराठी अक्षर म्हणजे प्रत्यक्षात रोमन तक्त्यातील एक चिन्ह, आणि विशिष्ट फॉन्ट असेल तरच ते देवनागरी दिसते. तो फॉन्ट सेटअपच एक्सपीत टाकतो, त्यामुळे 'प्रकाशाचे परावर्तन' हा पाठ पहिल्या फटक्यात स्वच्छ मराठीत उघडला. मात्र त्यातला मजकूर उचलून बाहेरच्या वर्डमध्ये चिकटवला की टिंबे आणि टोप्या लावलेली युरोपीय अक्षरे हाती येतात. प्रश्नपत्रिकेसाठी मी तो पुन्हा टंकित केला.

सगळ्यालाच व्हर्च्युअल मशीन हवे असते, असेही नाही, आणि हे मला उशिरा कळले. दोन सीडींचे सेटअप एक्सपीत चालवून, तयार झालेले फोल्डर सामायिक फोल्डरमधून बाहेर विंडोज ११ वर आणले, तर प्रोग्राम तिथे थेट चालले. अडसर सेटअपचाच होता.

उलट एक प्रोग्राम असा निघाला की ज्याच्यापुढे व्हर्च्युअल मशीनने हात टेकले. आमच्या एका निवृत्त गणित शिक्षकांनी १९९६ मध्ये टर्बो पास्कल या डॉसवरच्या प्रोग्रामिंगच्या साधनात पाढे, पावकी, निमकी आणि सवायकी यांचा सराव घेणारा प्रोग्राम लिहिला होता. बरोबर उत्तराला रोमन लिपीत 'शाब्बास' उमटते आणि पीसी स्पीकरवर दोन सूर वाजतात. एक्सपीत तो उघडताक्षणी 'रनटाइम एरर २००' देऊन बंद पडे. या त्रुटीचा अर्थ शून्याने भागाकार असा दिला जातो, पण शून्याचा इथे काही संबंध नाही. टर्बो पास्कलचे क्रट युनिट, म्हणजे पडदा आणि कळफलक सांभाळणारा तयार भाग, सुरुवातीला संगणकाचा वेग मोजते: घड्याळाच्या एका टिकटिकीत किती फेऱ्या झाल्या ते पाहून त्या संख्येला ५५ ने भागते. प्रोसेसर वेगवान असला की भागाकार १६ बिटांत मावत नाही आणि प्रोसेसर तीच भागाकाराची तक्रार करतो. व्हर्च्युअल मशीन जुन्या संगणकाचे सोंग घेते, पण धावते नव्या प्रोसेसरच्याच वेगाने, त्यामुळे तिथे हा दोष जाणारच नाही. डॉसबॉक्स हे डॉसचे जुने प्रोग्राम चालवणारे सॉफ्टवेअर मात्र प्रोसेसरचीही नक्कल करते आणि तिचा वेग ठरवता येतो. कंट्रोल आणि एफ११ दाबून वेग उतरवला, प्रोग्राम पुन्हा सुरू केला, आणि पहिला प्रश्न आला तो पाव सत्तेचा, म्हणजे सातच्या पाव भागाचा. सहावीच्या वर्गात 'पावणेदोन' हे उत्तर एकाही मुलाला आले नाही. त्या आठवड्यात गणिताच्या तासाला पावकीच झाली.

माझ्या हातून झालेली एक चूकही नोंदवतो. एक्सपीत काही बिघडले म्हणून ऑक्टोबरमध्ये मी ऑगस्टमधील स्नॅपशॉटवर, म्हणजे तेव्हा जपून ठेवलेल्या मशीनच्या स्थितीवर, परतलो आणि मधल्या काळातील आठवीच्या सराव चाचण्यांचे गुण गेले, कारण ते आतल्याच डिस्कवर साठत होते. स्नॅपशॉट सगळी डिस्क मागे नेतो, हे ठाऊक असूनही घाईत विसरलो. आता गुणांची फाइल दर शनिवारी सामायिक फोल्डरमध्ये येते.

विंडोज ९८ चा प्रयोग मी महिन्याभरात सोडला. त्याच्यासाठी गेस्ट ॲडिशन्स नाहीत, पंखा सतत घोंघावतो आणि गोठवलेले मशीन उघडले की आतले घड्याळ गोठवल्या दिवसाचीच तारीख दाखवते. आमच्याकडील जे जे ९८ साठी होते, ते एका सीडीचा अपवाद सोडता एक्सपीवर चालले.

एनकार्टा ९९ हा मायक्रोसॉफ्टचा सीडीवरचा ज्ञानकोश मुलांना अजूनही आवडतो, विशेषतः त्यातला माइंडमेझ हा प्रश्नमंजूषेचा खेळ. पण तो ज्या काळातला, त्या काळात प्लूटो नववा ग्रह होता आणि भारतात २५ राज्ये होती. मी तो भूगोलासाठी वापरत नाही. काय काय बदलले ते शोधून काढा, असा गृहपाठ मात्र त्यावर छान होतो.

भौतिकशास्त्राचा एक मराठी संच अजूनही कपाटात पडून आहे. त्याला नक्कल रोखण्यासाठी प्रिंटर पोर्टमध्ये लावायचे कुलूप आहे, नव्या संगणकांना तो पोर्ट नाही, आणि संच बनवणाऱ्यांचा पाकिटावरचा दूरध्वनी आता लागत नाही. त्याच्यापुरता एक जुना पेंटियम ४ मी भंगारात जाऊ दिलेला नाही.