ऑप्शन फॉर्म दुसऱ्याच्या हातात देऊ नका

इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनसाठी ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा अर्ज, भरून घ्यायला कुणा काउन्सेलरकडे जायच्या तयारीत असाल, तर 2025 साली आमच्या घरी काय झालं ते आधी वाचा.

माझ्या धाकट्या भावाला एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत 91 पर्सेंटाइल मिळाले. आम्ही बार्शीचे. घरात याआधी कुणी इंजिनिअर नाही आणि मी नोकरीला बंगळुरूत. निकाल लागताच बाबांना पुण्याहून एका काउन्सेलरचा फोन आला. भावाचं नाव, पर्सेंटाइल, कॅटेगरी, सगळं समोरच्याला आधीच माहीत होतं. "काका, फॉर्ममध्ये एक चूक झाली की पोराचं वर्ष गेलं. तुम्ही टेन्शन घेऊ नका, आमची मुलं भरतात." पंधरा हजार फी सांगितली. बाबा पुण्याला जाऊन पैसे भरून आले. पावतीवर लिहिलं होतं 'करिअर मार्गदर्शन शुल्क', बाकी काही नाही.

नोंदणी त्या ऑफिसातच झाली. मोबाईल नंबर टाकला ऑफिसचा आणि पासवर्डही त्यांच्याकडेच राहिला. त्यामुळे प्रवेश प्रक्रिया चालवणाऱ्या सीईटी कक्षाचा एकही मेसेज आमच्या घरच्या फोनवर आला नाही. भावाने आपल्या पसंतीची कॉलेजं वहीच्या पानावर लिहून दिली होती: वर पुण्यातली, खाली सांगलीची, मग सोलापूरची. ते पान "सरांनी" ठेवून घेतलं.

पहिल्या फेरीची यादी लागली तेव्हा भावाला मिळालं पुण्याबाहेरचं एक खासगी कॉलेज. त्याच्या यादीत ते कुठेच नव्हतं. मी रात्री फोनवर बसून त्या काउन्सेलरकडून ऑप्शन फॉर्मची प्रिंट मागवली. ती मिळवायलाही दोनदा भांडावं लागलं. पहिल्या क्रमांकावर तेच कॉलेज होतं. मागच्या वर्षी तिथे 70 पर्सेंटाइलच्याही खालच्या मुलांना प्रवेश मिळाला होता. भावाची सगळी आवडती कॉलेजं त्याच्या खाली, अगदी त्याने लिहिलेल्या क्रमाने.

खरा डाव इथे आहे, आणि तो नीट समजून घ्या. कॅपमध्ये, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेऱ्यांमध्ये, संगणक तुमचे पर्याय वरून खाली तपासतो आणि जिथे पहिल्यांदा जागा बसते तिथे थांबतो. खालची कॉलेजं तो बघतही नाही. त्यात 2025 पासून नियम असा झाला की पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर जागा आपोआप फ्रीज होते, म्हणजे तीच कायम होते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींना आणि तिसरीत पहिल्या सहांना हेच लागू. म्हणजे सहज मिळणारं कॉलेज एक नंबरला टाकलं की मुलगा तिथे अडकला. बेटरमेंट, म्हणजे पुढच्या फेरीत आणखी चांगल्या कॉलेजची संधी, नाही. जागा नाकारली तर पुढच्या कॅप फेऱ्यांतूनही बाहेर. आमच्या पंधरा हजारांत त्या माणसाचं पोट भरत नव्हतं. अशा दुकानांची खरी कमाई ॲडमिशनमागे कॉलेजकडून मिळणाऱ्या कमिशनची असते, आणि हे त्याच्याच ऑफिसातल्या एका मुलाने भावाला नंतर सांगितलं.

बाबा जाब विचारायला गेले तेव्हा त्याने दुसरं जाळं टाकलं. म्हणे, चांगल्या कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून जागा काढून देतो, तीन लाख लागतील, रोख. बाबा शेतावर कर्ज काढायला निघाले होते. मी हात जोडून थांबवलं. या कोट्याच्या, म्हणजे संस्थास्तरीय जागाही गुणवत्तेनुसारच भरायच्या असतात, त्यासाठी कॉलेजकडे स्वतः अर्ज करता येतो, आणि डोनेशन घेणं महाराष्ट्रात 1987 च्या कायद्याने गुन्हा आहे. रोख मागणारा माणूस कितीही गोड बोलला तरी त्याच्या हातात जागा नसते.

भाऊ आज त्याच कॉलेजात शिकतो. वर्ष वाया घालवायला तो तयार नव्हता. अभ्यासात कमी पडणार नाही, पण 91 पर्सेंटाइल कमावलेल्या पोराला आपली यादी लावायची संधीही मिळू नये, याचा राग माझ्या मनातून जात नाही.

लॉगिन मुलाच्या नावाने, मोबाईल नंबर घरातला आणि पासवर्ड घरातच, एवढं तरी करा. मागच्या वर्षांचे कॉलेजनिहाय, शाखानिहाय, कॅटेगरीनिहाय कटऑफ सीईटी कक्षाच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. ते उघडून मुलाला शेजारी बसवा आणि ज्या कॉलेजात त्याला खरंच जायचंय ते वर ठेवा, मिळणं कठीण वाटलं तरीही. वरचं नाही मिळालं तर संगणक खालचं बघतो, त्याने काही नुकसान होत नाही. फॉर्म कन्फर्म करण्याआधी पहिल्या सहा ओळी मोठ्याने वाचा. कन्फर्म झालेल्या फॉर्मची प्रत त्याच दिवशी काढून ठेवा. आमच्याकडे ती आहे, म्हणूनच पोलिसांत दिलेल्या तक्रारीला काही तरी आधार आहे. पावती, कॉल रेकॉर्डिंग आणि वहीच्या त्या पानाचा भावाने मोबाईलवर काढलेला फोटो आम्ही सोबत जोडलाय. तुमच्याही फॉर्मवर न सांगितलेलं कॉलेज पहिल्या क्रमांकावर आलं असेल, तर गप्प बसू नका, तुमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या.