वसईतलं बिनपाटीचं दुकान आणि माझे उंच सोलचे बूट

दुकानाला पाटी नाही, त्यामुळे नाव लिहिता येत नाही. वसई गावात बाजाराच्या मागच्या गल्लीत पत्र्याची एक शेड आहे, बाहेर फळीवर लाकडी फर्मे रांगेत मांडलेले दिसतात. तेच. पोलिओचा पाय, मधुमेहाचा पाय, कुठलाही वाकडा पाय असो, मापाने बूट-चपला करून मिळतात. मी गेल्या ऑक्टोबरात जोडी करायला टाकली. सात महिने रोज वापरून मगच लिहिते आहे.

मी दीड वर्षाची असताना उजवा पाय पोलिओने गेला, साल 1972. आता तो डाव्यापेक्षा दोन इंच आखूड आहे आणि मांडीपासून खाली कॅलिपर, म्हणजे पायाला ताठ धरणारा पट्ट्यांचा आधार, लागतो. आजवर सगळे बूट मी एकच अट घालून शिवून घेतले: उंची बाहेरून दिसता कामा नये. मुंबईतल्या एका दुकानाने तर पूर्ण दोन इंचांचा कॉर्क बुटाच्या आतच कोंबून दिला. टाच सारखी वर निघायची. त्याच बुटांनी मी स्टेशनच्या जिन्यावर पडले आणि मनगट प्लास्टरमध्ये गेलं.

इथल्या काकांनी आधी वर्तमानपत्रावर दोन्ही पायांची पेन्सिलने आखणी केली. मग मला उभं करून आखूड पायाखाली पातळ फळ्या एकेक सरकवत गेले. कंबर सरळ झाली की नाही ते माझ्या वहिनीला हात लावून बघायला सांगत होते. दोन इंच भरलं, पण पावणेदोनच धरणार म्हणाले. का, तर कॅलिपरने गुडघा ताठ राहतो. पूर्ण उंची दिली तर पाऊल पुढे टाकताना जमिनीला घासेल. इतक्या वर्षांत हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

मी नेहमीची अट सांगितली. ते म्हणाले, “ताई, आत अर्धा इंच मावतो. बाकीचा कुठं ठेवू, डोक्यावर?” मग म्हणाले, काळा रंग मारून देतो, कमी उठून दिसेल. मी विचार करून सांगते म्हणाले आणि घरी आले.

विचार बुटाचा कमी आणि जुन्या गोष्टींचाच जास्त झाला. चौदा वर्षांची असताना शेजारीण आईला आणि मला एका प्रार्थनासभेला घेऊन गेली होती. तिथल्या प्रचारकाने माइकवरून सांगितलं, कॅलिपर काढून टाक, विश्वास असेल तर चाल. मी तीन पावलं चालले आणि पडले. विश्वास कमी पडला, असं त्याने सगळ्यांसमोर जाहीर केलं. पाय आखूड होताच, त्या दिवसापासून विश्वासही आखूड.

आता मी रविवारी मुलांना धर्मशिक्षण देते. बायबलमधल्या याकोबाची गोष्ट दरवर्षी येते. रात्रभर देवाशी झुंजला, आशीर्वाद घेतल्याशिवाय सोडलं नाही, पण जांघेचा सांधा निखळला तो निखळलाच. सूर्य उगवला तेव्हा तो लंगडत निघाला होता. उत्पत्तीच्या बत्तिसाव्या अध्यायात त्याला कुणी म्हणत नाही की तुझा विश्वास कमी. येशू मरणातून उठला यावर आधी विश्वास न ठेवणाऱ्या थोमा या शिष्याची गोष्टही येतेच. मरणातून उठलेल्या प्रभूला हातांवरच्या खिळ्यांच्या खुणा पुसणं काय अवघड होतं? त्याने त्या तशाच ठेवल्या आणि दाखवल्या. हे सगळं मी वर्षानुवर्षं शिकवत आले, आणि शिकवताना माझा पाय कायम टेबलाखाली.

दुसऱ्या दिवशी काकांना फोन केला. रंग नको, चामड्याचा आहे तोच राहू दे.

जानेवारीत भाचीच्या लग्नात आईचं लाल लुगडं नेसले. ते घोट्याच्या वरच राहतं, त्यामुळे बूट, कॅलिपरच्या पट्ट्या, सगळं उघड्यावर. एका मावशीने “साडी बरी होती गं” असं म्हणून घेतलं. लहान पोरांनी सोलला हात लावून पाहिला. बाकी लोक जेवायच्या रांगेत होते.

बूट कसे आहेत? आतला तळ एमसीआर रबराचा, म्हणजे बारीक छिद्रांच्या रबराचा, मऊ. बाहेरची उंची हलक्या फोमची आहे आणि पुढून गोलसर उतरवलेली, त्यामुळे पाऊल पुढे लोळतं, ठेचकाळत नाही. जुन्या बुटांपेक्षा वजन निम्मं वाटतं. संध्याकाळी कंबर दुखायची ती जवळजवळ थांबली. क्रुसाच्या वाटेची, म्हणजे येशूच्या क्रुसापर्यंतच्या प्रवासाची प्रार्थना, चौदाही स्थानं यंदा मी चालत केली.

आता तक्रारी. आठ दिवस म्हणाले आणि साडेतीन आठवडे लावले. दुकानाला दोन उंच पायऱ्या, कठडा नाही! पायांचं दुकान आणि पायांनाच चढता येत नाही. हाक मारली की काका स्टूल घेऊन रस्त्यावर येतात, पण भर बाजारात बूट काढून बसायची तयारी हवी. सोल ओल्या लादीवर घसरतो. एकदा कड उकलली होती, ती सोल्यूशन लावून फुकट चिकटवून दिली. एका जोडीचे 2,600 रुपये घेतले. रोख द्यावे लागतात.

हे काम करणारे फार उरले नाहीत. देशात वन्य पोलिओचा शेवटचा रुग्ण 2011 च्या जानेवारीत, पश्चिम बंगालमध्ये सापडला. आमच्यासारखी नवी गिऱ्हाइकं येत नाहीत याचा आनंदच आहे, पण जुनी अजून चालतायत. काकांकडे आता बहुतेक मधुमेहवाले येतात.

एक राहिलंच. बसताना कॅलिपरची गुडघ्याची कडी उघडली की खट्ट आवाज होतो. पूर्वी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला मी गायन सुरू होईपर्यंत ताठ उभी राहायची आणि त्या गोंगाटात बसून घ्यायची. हल्ली सगळ्यांबरोबर बसते. काकांना विचारलं, आवाज कमी होईल का? तेल घाला म्हणाले. अजून घातलं नाही.

पाचपैकी चार. जाताना जुना बूट आणि कॅलिपर दोन्ही न्या, आणि चारनंतर जा. मी दुसरी जोडी सांगून आले आहे. पावसाळ्याआधी देतो म्हणालेत. कुठल्या पावसाळ्याआधी, ते विचारलं नाही.