पैसे पाण्याच्या इनॅमलचे घेतले, दारांना लावला भिकार ऑइल पेंट

जळगाव जिल्ह्यातलं आमचं जुनं घर, सागाच्या चौकटी. आखाजीनंतर पुतणीचं लग्न, म्हणून दारं-खिडक्या रंगवायला काढल्या. पांढरा ऑइल पेंट अंधाऱ्या खोलीत पिवळा पडतो, देवघराच्या दारावर ते पाहिलेलं होतं. म्हणून पाण्यात मिसळणारंच इनॅमल हवं, असं ठेकेदाराला बजावून सांगितलं. माल त्यानेच आणला. चार लिटरचे चार डबे, प्रत्येकी ₹२,१५०. प्रायमर, लांबी (पुट्टी), पॉलिश पेपरचे ₹३,२४०. मजुरी ₹१६,५००. एकूण ₹२८,३४०, आणि दुसरा हात मारायच्या आत सगळे वसूल!

पाण्याच्या इनॅमलचा ब्रश पाण्याने धुतात. हा माणूस संध्याकाळी ओट्यावर बसून टर्पेंटाइनमध्ये ब्रश बुचकळत होता, घरभर उग्र वास. विचारलं तर म्हणे, "ब्रश धोवाले टर्पेंटाइन लागसच, भाऊ." त्याच क्षणी काम बंद पाडायला हवं होतं. आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो. पण दारात पाहुणे, मांडवाची धावपळ, डब्यावर मोठ्या कंपनीचं नाव. अशा वेळी कोण झाकण उघडून तपासत बसतं? झाकणाचं सील मात्र उघडताना बघाच.

लग्न झालं तरी खिडक्या चिकटच. पावसाळ्यात चौकटीच्या खालच्या अंगाला नख लावलं की पापुद्रा निघायचा, आत जुना रंग तसाच गुळगुळीत. म्हणजे पॉलिश पेपर फिरवलाच नव्हता, प्रायमरही नाही. त्याचे पैसे मात्र घेतले.

पोलीस ठाण्यात गेलो तर "हा दिवाणी मामला, आपसात मिटवा." अहो, मोठ्या कंपनीच्या डब्यात दुसराच माल भरून विकणं आपसातलं कसं? फसवणुकीला भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे, ते मी त्यांना सांगायचं का? अर्ज घेतला, पोच दिली नाही. दुसऱ्या कचेरीत साहेब जागेवर नाहीत, मग पक्कं बिल आणा, मग डबे आणा. डबे कुठून आणू? "रिकामे डबे आमचे" म्हणत तो ते घेऊन गेला होता. तेच पुन्हा भरत असणार, दुसरं काय!

रिकामा डबा कुणालाही देऊ नका, झाकणाला भोक पाडून ठेवा. माल स्वतः दुकानातून आणा, जीएसटीचं बिल घ्या, डब्यावरच्या बॅच नंबरचा फोटो काढा. जुना ऑइल पेंट घासून प्रायमर मारल्याशिवाय वर पाण्याचं इनॅमलही धरत नाही, तेव्हा घासताना समोर उभे राहा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. माझी तक्रार आता तिथेच जाणार आहे.